धुराच्या दिवसांत उघडे दार

आज सकाळी ओटीवर आलो तर समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी धुराची पट्टी दिसली. वारा पडलेला होता, म्हणून धूर वर जात नव्हता. आडवा पसरत सावित्री नदीच्या पात्रावरून आमच्या बाजूला सरकत होता. थोड्या वेळाने शेजारच्या वाडीतून दुसरी पट्टी निघाली. पोलादपूरकडून वर चढणाऱ्या रस्त्यावर एक मोटार थांबली, दोन तरुण उतरले आणि त्या धुराचे फोटो काढू लागले. त्यांना ते धुके वाटले असावे.

"राब लागले," मी आत सांगितले.

"दिसले," रेखा म्हणाली. ती त्या बाजूच्या खिडक्या लावत होती. तनू, आमची मुलगी, पहिलीत आहे. ती दप्तर भरत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा पंप बाहेरच्या कप्प्यात आहे. निळा. मी बघितला."

घरात एवढेच बोलणे झाले. चार वर्षांपूर्वी याच धुरात आमच्या घरात जे चालले होते ते आठवले, की या एवढ्याशा बोलण्याची किंमत कळते.

राब म्हणजे काय, हे आमच्या महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. भाताचे रोप जिथे करायचे त्या तुकड्यावर शेण पसरायचे, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ, पालापाचोळा, वाळले गवत, आणि वरून माती. मग ते भाजायचे. त्याने भडकून पेटायचे नसते, सावकाश धुमसायचे असते. जितके सावकाश, तितकी जमीन चांगली भाजते, आणि तितका धूरही जास्त. माघात हे सुरू होते आणि अधूनमधून पावसाच्या तोंडापर्यंत चालते. शिमग्याची होळी मध्येच कुठेतरी येते. त्या वासावर माझा जीव आहे. लहानपणी शाळेतून येताना त्या धुरातून पळत आल्याशिवाय उन्हाळा आला असे वाटतच नसे. कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा तो वास यायचा. आजही नाकात गेला की क्षणभर बरे वाटते. आणि लगेच मी तनूच्या छातीकडे बघतो.

माझी भाताची गिरणी आहे. भात किती आले, तांदूळ किती निघाला, तूस किती, कोंडा किती, हे वजन करून सांगणे माझा धंदा आहे. अंदाजाने बोललेले मला चालत नाही. म्हणून जे झाले तेच सांगतो.

लग्नानंतर अकरा वर्षांनी तनू झाली. अडीच वर्षांची असताना त्या माघात ती पहिल्यांदा जोरात आजारी पडली. आधी दोनदा खोकला होऊन गेला होता, आम्ही त्याला सर्दी म्हटले. तिसऱ्यांदा, भर दुपारी, तिच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाऊ लागली. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. पोर रडत नव्हती. रडायला दम उरला नव्हता. महाडच्या दवाखान्यात वाफेचे मशीन लावले, ऑक्सिजन दिला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितले, "बाळदमा आहे. घाबरू नका आणि लपवूही नका. हा पंप रोज दोन वेळा, हंगाम संपेपर्यंत. हा निळा फक्त दम लागला तर."

पंप थेट तोंडात नव्हता द्यायचा. मध्ये एक प्लास्टिकचे नळकांडे, स्पेसर. त्याच्या एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला मऊ मास्क. मास्क नाकातोंडावर नीट बसवायचा, पंप दाबायचा, आणि पोरीचे पाच-सहा श्वास होईपर्यंत धरून ठेवायचा. मग तोंड पुसायचे, चूळ भरवायची. संपले.

"रडली तर?" रेखाने विचारले.

"रडताना औषध छातीत फारसे पोहोचत नाही. दाबून धरून रोज देणे जमणारही नाही. तिला पटले पाहिजे."

अडीच वर्षांच्या मुलीला पटवायचे! बँकेच्या मॅनेजरला पटवणे त्याहून सोपे, हे मी दोन्ही करून सांगतो.

गिरणीच्या काट्यावर तिचे वजन तेव्हा अकरा किलो भरले होते. दोन मोठी माणसे त्या अकरा किलोपुढे हरत होती. बाहुलीला मास्क लावून झाला. मास्कवर चांदण्या चिकटवल्या. मोबाईलवर गाणे लावले. बिस्किटाची लालूच दाखवली, तर बिस्किट घेऊन पळाली. शेवटी एकाने हात धरायचे, एकाने मास्क. ती मान अशी झटकायची की पंपाचा फवारा माझ्याच चष्म्यावर उडायचा. एक "नाय!" तिला स्वच्छ बोलता येत होते आणि तेच ती वापरत होती. रेखा प्रत्येक वेळी रडायची. औषध चालू होते, पण जात नव्हते. छातीची शिट्टी बंद होत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की असेच चालले तर पुन्हा भरती करावे लागेल, आणि समोर डोंगरावर रोज नवा राब लागत होता.

त्यात माणसे.

महाडहून माझी आत्या आली. वडिलांच्या पाठची, आमच्या घरातली शेवटची वडीलधारी. येताना नातीसाठी रवाळ तूप आणले आणि आल्या आल्या आवाज खाली करून म्हणाली, "पंप लावलास म्हणे?"

"लावला."

"अरे, एकदा लागला की सुटत नाय तो. सवय लागते. आणि पोरीची जात. उद्या लग्नाच्या वेळी कोणीतरी काढेलच. चारचौघांत तरी देऊ नकोस. दार लावून देत जा."

सवय लागते, हे मला त्या महिन्यात इतक्या जणांनी सांगितले की मोजणे सोडून दिले. चष्म्याचीही सवय लागते. रोज दोन वेळा जेवायचीही लागते. कोणाला सव गावची गरम पाण्याची कुंडे आठवली, तिथे आंघोळ घाला म्हणाले. कोणी कुडपणच्या बाजूला मुळी देणारा आहे म्हणाले. सवला आंघोळीला नेण्यास माझी काही हरकत नव्हती. पंपाऐवजी न्या म्हणाल, तर होती, आणि मी ती तोंडावर सांगितली. तेव्हापासून दोन-तीन घरी माझे नाव आगाऊ म्हणून झाले आहे. राहू दे.

पण आत्याचे एक आम्ही ऐकले. दार लावून देऊ लागलो.

ते ऐकले ते भीतीने नव्हे, सोयीने. गिरणी घराला लागून, सकाळ-संध्याकाळ ओटीवर कोणीतरी पोत्यावर बसलेले असणारच. त्यांच्यासमोर पोरगी किंचाळणार, मग दहा प्रश्न. त्यापेक्षा आतली खोली, दाराला कडी, आणि उरका. आम्हाला ते सोयीचे वाटले.

आता आमच्याकडे दिवसा दार लावलेले घर कसले असते? एक तर मुंबईला गेलेल्यांचे, नाहीतर माणसे मयताला गेलेली. बाकी सकाळी उघडलेले दार दिवे लागल्यावरही उघडेच असते. कोंबडी आत येते, शेजारीण आत येते, उन्हाचा पट्टा आत येतो. तनूने जन्मल्यापासून दार उघडेच पाहिले होते. आणि आता रोज दोनदा, ती कडी वाजत होती.

हे माझ्या लक्षात येण्यासाठी माझ्या भावालाच राब पेटवावा लागला.

दादाचा राबाचा तुकडा आमच्या कुंपणाला लागून. त्या सकाळी त्याने काही न सांगता भाजायला घेतला. वारा आमच्या बाजूचा. मी गिरणीतून धावत आलो तोवर धूर ओटीवर चढला होता. रेखाने पटापट खिडक्या लावल्या आणि पुढचे दार लोटून कडी घातली. तनू जमिनीवर चिपटे घेऊन खेळत होती. चिपटे म्हणजे धान्य मापायचे एक लहान माप, तिचे आवडते खेळणे. कडी वाजली मात्र, तिने चिपटे टाकले, भिंतीच्या कोपऱ्यात गेली आणि दोन्ही तळहात नाकातोंडावर घट्ट दाबून धरले.

"अगो, मी काही आणलंच नाय," रेखा म्हणाली. तिने दोन्ही हात रिकामे करून दाखवले. स्पेसर तर फळीवर, डब्यात होता.

पोर हात काढेना. डोळे मास्क शोधत नव्हते. ते कडीवर होते.

मी दाराजवळ उभा होतो. मी कडी काढली, दार बोटभर उघडले. तिने हात खाली घेतले. मी पुन्हा लोटले. हात पुन्हा तोंडावर. तिसऱ्यांदा करून बघायची गरज नव्हती, पण मी केले, कारण मला खात्री करून घ्यायची सवय आहे. मग धूर असूनही मागचे, वाऱ्याआडचे दार सताड उघडले, तिला कडेवर घेतले आणि तसाच आंब्याखाली जाऊन बसलो.

तिचे भांडण प्लास्टिकच्या नळकांड्याशी नव्हतेच. ज्या गोष्टीसाठी आईबाप दार लावतात, आवाज खाली करतात, हात धरतात, ती गोष्ट वाईटच असणार, एवढा साधा हिशेब तिने केला होता. तो बरोबर होता. चुकीची मांडणी आमची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पेसर घेऊन ओटीवर बसलो. गिरणीचे कपडे बदलून, आंघोळ करून. तेही त्या हंगामात ठरलेले. कोंड्याची धूळ अंगावर घेऊन मुलीला जवळ घ्यायचे नाही. ती मला बघून धावत यायची आणि मी दोन्ही हात वर करून मागे सरायचो. ते तिला कधी कळले, कधी नाही.

ओटीवर काशीआक्का बसली होती, डोंगरावरच्या वाडीची, भाताचे पोते घेऊन. मी आधी मास्क स्वतःच्या तोंडाला लावला आणि पंप न दाबताच श्वास घेऊन मोठ्याने मोजायला लागलो. "लाभ. दोन. तीन."

आम्ही गिरणीवाले, मापणारे, पहिल्या मापाला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो. माझे वडील म्हणत, मीही म्हणतो. तनू दिवसभर चिपट्याने तूस मापत हेच म्हणायची, फक्त तीन गाळायची. "लाभ, दोन, चाल." माझे मोजणे ऐकून ती जवळ आली. हा तर तिचा खेळ.

"काय लावलंस रे त्वांडाला?" काशीआक्काने विचारले.

"औषध हाय, आक्का. तनूचं. दम्याचं."

दम्याचं, हा शब्द मी ओटीवर पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. काहीही झाले नाही. कोंबडी चालत होती ती चालत राहिली.

"हां," आक्का म्हणाली. "मग माझं भात कधी भरडतोस? मला उन्हाच्या आत वर चढायचंय."

ज्या चारचौघांना टाळायला आम्ही दार लावत होतो, त्या चारचौघांतले हे पहिले माणूस. तिला तिच्या तांदळाची घाई होती.

त्या सकाळी तनूने मास्क स्वतःच्या हाताने तोंडाला लावला, दोन श्वास घेतले, "बास" म्हणाली आणि ढकलला. अर्धे औषध वाया. संध्याकाळी पुन्हा "नाय". दुसऱ्या दिवशी "लाभ, दोन, चाल" झाले. मध्येच एक दिवस तिने सगळे उधळून स्पेसर अंगणात फेकला, त्याला तडा गेला, नवा आणावा लागला. तडा गेलेला मी तिलाच देऊन टाकला. ती त्याने तूस मापू लागली. त्यामुळे झाले असे की मास्क हे तिच्या मापांतलेच एक माप ठरले. हे मी ठरवून केले नव्हते, आपोआप घडले. जे आपोआप घडले त्याचे श्रेय घेऊ नये.

हसनभाईंचे मात्र श्रेय आहे. ते महाडचे, त्यांचा ट्रक आमचे तूस वीटभट्टीला नेतो. एक दिवस पोती भरताना त्यांनी तनूला ओटीवर मोजताना पाहिले. खिशातून स्वतःचा निळा पंप काढला, तिथेच उभ्या उभ्या घेतला.

"बघ गो बाय, माझा पण हाय. कशेडीचा घाट चढायच्या आधी गाडीला डिझेल आणि मला हा."

तनूने त्यांना नीट तपासले. "तुझा मास्क कुठंय?"

"दाढीवर बसत नाय गो!"

ती इतकी हसली की मी घाबरून तिची छाती ऐकली. शिट्टी नव्हती.

दादाकडेही मी गेलो. तो अंगणात कोयतीला धार लावत होता.

"दादा, कुंपणालगत राब भाजू नकोस."

"मग रोप काय आभाळातून पडणार? बापाने भाजला, आज्याने भाजला. तुझी पोरगी एक झाली म्हणून गावाने भात लावायचं सोडायचं?"

"गावाला मी काही म्हणत नाही. तुला म्हणतोय. लांबचा तुकडा आहे, तिथे भाज, आणि आदल्या दिवशी सांग. माझा राब मी यंदापासून भाजणार नाही."

"रोप कसं येतं बघतो ना तुझं."

आले. थोडे विरळ आले आणि तण जास्त झाले. रेखाने आणि मी ते उपटले. फायदा झाला असे सांगणार नाही, कारण झाला नाही. राब शेतकऱ्याच्या गरजेचा आहे हे मी जाणतो, तो गावातून जाणार नाही हेही. पण माझ्या कुंपणाला लागून तो परत लागलेला नाही. दादा अजून म्हणतो की त्या लांबच्या तुकड्यापायी त्याची कंबर गेली. म्हणू दे. आदल्या दिवशी सांगायला मात्र विसरत नाही. काल सांज झाली तेव्हा बांधावरून ओरडला, "उद्या लावतोय रे! पोरीला सांग."

मग त्या वर्षीचा शिमगा आला, आणि ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरू लागली. आमच्या अंगणात ती आली ती नेमकी संध्याकाळच्या औषधाच्या वेळेला. ढोल, गुलाल, अंगण माणसांनी भरलेले, आणि गुलालापासून लांब म्हणून रेखा तनूला घेऊन ओटीच्या टोकाला. पालखीसाठी आत्याही आली होती.

"आज तरी नको," ती माझ्या कानाशी म्हणाली. "देव दारात आलाय. सगळा गाव बघतोय. मी आत घेऊन जाते तिला." आणि खरोखरच फळीवरचा डबा उचलून आतल्या खोलीकडे निघाली.

मी काही बोलायच्या आत तनू तिच्या मागे गेली. साडीचा काठ धरून ओढला. "इथं नाय. ओटीवल."

"अगो, इथंच घेऊ या, शहाणी ना तू?"

"ओटीवल!"

अडीच वर्षांची माणसे तडजोड करत नाहीत, हे त्या हंगामात पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडले. तिने आत्याच्या हातून डबा घेतला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आणि माणसांच्या पायांमधून वाट काढत पालखीसमोर ओटीच्या कडेला येऊन बसली. मी पंप हलवला, दाबला. ढोलवाला माझ्याकडे बघत होता. त्याने टिपरू थांबवले.

"लाभ," मी म्हटले, जेवढा आवाज आहे तेवढ्याने. देवासमोर, गावासमोर. "दोन. तीन. चार. पाच."

मास्क काढून तनूने आजूबाजूला पाहिले. शेवटी ढोलवाल्याला म्हणाली, "झाला." त्याने पुन्हा वाजवायला सुरुवात केली.

त्या हंगामात पुन्हा भरती करावे लागले नाही. पुढच्या वर्षी एकदा लागले. मी लपवत नाही. दमा आहे तो आहे, पंपाने तो पळून जात नाही, आवाक्यात राहतो. आता मास्क गेला, नळी ती स्वतःच तोंडात धरते. औषध वर्षभर नसते. डॉक्टरीणबाई सांगतात तेव्हा सुरू होते आणि त्या सांगतात तेव्हा थांबते. ज्याला सवय लागणे म्हणतात ते हेच असेल, तर आम्हाला लागली आहे. अंगणवाडीत गेली तेव्हा बाईंनी निरोप पाठवला होता की मुलगी आकडे नीट म्हणते, पण एकाला लाभ म्हणते, दुरुस्त करा. दुरुस्त केले नाही.

हे सगळे लिहीत बसलो होतो तोवर दुपार झाली. धूर विरला आहे, वास आहे. तनू शाळेतून आली. आत्या कालपासून इथेच आहे. सत्तरी ओलांडली, पण कान तीक्ष्ण. आज सकाळी घाईत रोजचा पंप राहिला, तो आता घ्यायचा होता. मी फळीवरचा डबा काढताना आत्याने जुन्या सवयीने आवाज खाली केला.

"अजून तोच का रे?"

मी उत्तर देणार होतो. पण ते तनूने ऐकले होते. ती डबा माझ्याकडून घेऊन आत्यासमोर मांडी घालून बसली. ओटीवर भाताची तीन पोती आणि त्यांचे तीन मालक. पुढचे दार सताड उघडे.

"आत्याआजी, आज तू मोज. बाबा भरभर मोजतो."

आत्याने माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे. मी जागचा हललो नाही.

तनूने नळी तोंडात धरली, पंप दाबला आणि तिच्यावर डोळे रोखून वाट बघू लागली. तिला फार वेळ वाट बघता येत नाही.

"लाभ," आत्या पुटपुटली.

तनूने हाताने खूण केली, ऐकू येत नाही म्हणून.

आत्याने पदर सारखा केला, पोत्यावर बसलेल्या तिघांकडे एकदा सरळ बघून घेतले, आणि ओटीबाहेर रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "दोन!"